गालाची जागा

बंदुकीचा लाकडी दस्ता माझ्याकडे येतो तेव्हा त्याला नळी नसते. ती परवाना असलेल्याच्या घरी कुलपात राहते. दुसऱ्याची बंदूक दुकानात ठेवून पोलिसांना चहा पाजत बसायची मला हौस नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यातच सांगते. मग लोक घरी स्क्रू काढतात आणि नुसतं लाकूड टॉवेलात नाहीतर खताच्या गोणीत गुंडाळून आणतात. गुंडाळलेलं ते लाकूड मांडीवर घेऊन दुकानात बसलेला माणूस आजारी पोर घेऊन दवाखान्यात बसल्यासारखा दिसतो.

शहाद्यात माझं पॉलिशचं दुकान आहे. दिवाण, दारं, देव्हारे हा रोजचा धंदा. पण तापीकाठच्या गावांतून केळी आणि ऊस असल्यामुळे रानडुकरं फार, म्हणून पीक राखायच्या परवान्याच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत. त्यांचे दस्ते वडिलांच्या काळापासून आमच्याकडेच येतात. वडील गेले, दुकान माझ्याकडे आलं, आणि बाईमाणसाच्या हातात बंदुकीचं लाकूड द्यायचं कसं म्हणून काही दिवस लोकांनी काचकूच केली. मी म्हटलं, नका देऊ, धुळ्याला न्या. नेले कोणी नाहीत.

नवी पोरं येतात ती मोबाईलवर फोटो दाखवत. त्यांना गाडीसारखी चमक हवी असते. पी.यू. मारा म्हणतात, मेलामाईन मारा म्हणतात. मी त्यांना विचारते, डुकराला आरसा दाखवायला चाललात का? बंदुकीचा दस्ता चमकू नये. चमकला की जनावर लांबूनच सावध होतं, आणि घामाच्या हातातून तो निसटतो तो वेगळाच. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण दवात पांढरं पडतं. खरं म्हणाल तर दस्त्याला जवसाचं तेल. उकळलेलं, पातळ हाताने, पुन्हा पुन्हा, आणि मध्ये भरपूर सुकू द्यायचं. या कामाला लागतो तो धीर, आणि तो दुकानात विकत मिळत नाही म्हणून लोकांना नको असतो.

त्यातून आमच्याकडची एक खोड आहे. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर आणि बंदूक. हळदकुंकू लावतात ते ठीक. पण आपल्या वस्तूवर फार जीव असलेला माणूस त्या दिवशी अख्खा दस्ता भुईमुगाच्या गोड्या तेलाने माखतो, म्हाताऱ्या बैलाला चोळावं तसा. लाकूड दोन दिवस काळंभोर, तुकतुकीत दिसतं, घरधनी खूश होतो. पण जवसाचं तेल सुकतं, भुईमुगाचं कधीच सुकत नाही. वर्षानुवर्षं ते आत मुरत जातं, आणि एकदा मुरलं की त्या लाकडावर लाख धरत नाही, वार्निश धरत नाही, काही धरत नाही. अशा दस्त्यावर काम करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रेमाने केलेली नासाडी निस्तरायला सगळ्यात कठीण, हे मी या धंद्यात शिकले.

ती बाई आली ती उन्हाळ्यातल्या भर दुपारी.

आमच्याकडच्या दुपारीबद्दल बाहेरच्यांना सांगून कळत नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली असतात. पंखा गरम हवा फिरवतो आणि ती हवा कुणीतरी श्वास टाकावा तशी मानेवर येते. लोक रात्रीला उगाच घाबरतात. रात्री निदान शेजारी घोरत असतात. खरं एकटेपण या दुपारीत असतं, आणि जुनी माणसं पोरांना याच वेळी घराबाहेर पडू देत नसत ते उन्हामुळे नाही.

ब्राह्मणपुरीकडची, साठी ओलांडलेली, अंगाने सडपातळ. घरी गुजरी बोलणारं शेतकरी कुटुंब, माझ्याशी मात्र अहिराणीत बोलली. बाहेर कडुलिंबाच्या सावलीत तिचा मुलगा मोटारसायकलवर बसून होता, तिशीतला, पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. तो आत आला नाही. तिने गोणी सोडली आणि दस्ता माझ्यासमोर आडवा ठेवला.

अक्रोडाचं जुनं लाकूड. मधली दीडएक वर्षं बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती, कारण नवरा गेला आणि परवाना मुलाच्या नावावर व्हायला वेळ लागला. ठाण्याच्या कोंदट खोलीत दस्त्यावर पांढरी बुरशी चढली होती. सगळीकडे, एक जागा सोडून. नेम धरताना डावीकडून जिथे गाल टेकतो तिथे तळहाताएवढा काळा, ओलसर डाग होता. त्याच्या कडेपर्यंत येऊन बुरशी थांबली होती.

मी बोट लावलं. बोटाला तेल लागलं.

"खंडेनवमीले तेल लावत व्हतात ना?" मी विचारलं.

"दर सालले," ती म्हणाली. "पन हाऊ डाग तेलना नही शे, बेटा. त्यास्ना गाल शे."

मग तिने सांगितलं. नवरा केळीच्या वावरात डुकरं राखायला बसायचा. बांधाजवळ पत्र्याचं छप्पर, खाली खाट. एके सकाळी तो तिथेच बसलेला सापडला, दस्ता खांद्याला, गाल लाकडावर टेकलेला, नेम धरल्यासारखा. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. गडी सांगत आला तेव्हा म्हणाला, मालक बोलत नाहीत, पण रागावलेले दिसत नाहीत.

हे सगळं तिने कोरड्या आवाजात सांगितलं. रडू आलं ते पुढचं सांगताना.

"मन्हा पोऱ्या मन्हा नही ऱ्हायना," ती म्हणाली. बंदूक ठाण्यातून घरी आली तशी मुलाने ती हातात घेतली, आणि ज्याने जन्मात वावराचं तोंड पाहिलं नव्हतं तो संध्याकाळी ऑफिसातून आला की बापाच्या खाटेवर जाऊन बसायला लागला. बापासारखा खाकरून घरात शिरायला लागला. तंबाखू मळायला लागला. आवाज घोगरा झाला. आणि परवा दिवस बुडताना ती त्याला जेवायला बोलवायला गेली, तर तो दस्त्यावर गाल टेकून, डोळे उघडे ठेवून बसला होता. "हाक मारी मारी दमनू. हात लाया ते थंडगार. माले वाटनं, हाऊ बी गया."

तो गेला नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली आणि आईकडे असं पाहिलं की ही कोण.

"बंदूक विकी टाका," मी म्हटलं.

"तो विकू देत नही. हात लावू देत नही. पॉलिशनं नाव सांगीसनी आनी शे आठे." मग तिने माझा हात धरला. "डाग काढी दे, बेटा. नही ते मन्हा पोऱ्या बी त्याच खाटवर सापडी."

मी 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' अशा स्वभावाची बाई आहे. भुतंखेतं ऐकली की मला आधी हसू येतं आणि मग राग. बापाच्या मरणाने पोरगा खचला असेल, त्याला दवाखान्यात न्या, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण तिचा हात बर्फासारखा होता, त्या उन्हात. मी म्हटलं, मावशी, तेलाचा डाग आहे, तेल काढू. काळजी करू नका.

ती निघताना मी मुलाला दारात बोलावून विचारलं, फिनिश कशी हवी? त्याने दस्त्याकडे पाहिलं आणि दोनदा खाकरला.

"चकचकीत नको," तो म्हणाला. आवाज खरंच घोगरा होता. नोकरीतला तरुण माणूस, खिशाला पेन, आणि चकचकीत नको म्हणतो. मला आवडायला हवं होतं. आवडलं नाही.

आधी मी सरळ रस्त्याने गेले. बुरशी पुसली, रिमूव्हरने जुनं वार्निश काढलं, पॉलिश पेपर मारला. लाकूड उघडं पडलं, छान लालसर तपकिरी, आणि त्यात तो डाग. डागावर पेपर फिरवला की पेपर लगेच चिकट व्हायचा. तेल वर येऊ नये म्हणून मी लाखेचा पातळ हात दिला. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापसाचा बोळा बांधून, हलक्या हाताने. लाख आतलं आत कोंडून ठेवते, हाच तिचा गुण. पाच मिनिटांत सुकते. सगळा दस्ता सुकला. डागावरची लाख ओलीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा डाग लाखेच्या वर आलेला होता, आणि आता त्याला आकार होता. खाली जबडा, वर गालाचं हाड, मध्ये थोडा खळगा. ज्याला वाटेल त्याने हसावं. मी आयुष्यभर लाकडातल्या रेषा बघत आलेय आणि गाठीत घुबडं दिसणाऱ्या गिऱ्हाइकांची टिंगल करत आलेय. तो गाल होता.

मी लाख पुसून काढली. स्वतःवरच चिडले. आत काही असताना झाकण लावायला गेले होते.

पॉलिशच्या कामात एक सवय असते. पृष्ठभाग सपाट झाला का हे वरून कळत नाही. लाकूड उजेडाकडे धरून, डोळा त्याच्या पातळीला आणून, कडेने बघावं लागतं. दस्ता असेल तर त्यासाठी गाल लाकडाला टेकतोच. मी हजारदा असं केलेलं आहे. त्या दिवशीही केलं, उजवा गाल डाव्या बाजूला टेकवून, दाराच्या उजेडाकडे बघत.

लाकूड कोमट होतं. उन्हाळ्यात सगळंच कोमट असतं, खरं आहे. पण दस्त्याचा बाकीचा भाग हाताला गार लागत होता. आणि बाहेरचा रस्ता, तोच रोजचा रस्ता, मला शेताच्या बांधासारखा लांब आणि रिकामा दिसला. मी कुणाचीतरी वाट बघत होते. कुणाची ते माहीत नव्हतं, पण ते येणार आणि आपण हलायचं नाही, एवढं अगदी स्पष्ट कळत होतं. किती वेळ तशी बसले कोण जाणे. समोरच्या शिंप्याच्या बायकोने पाण्याचा हंडा ठेवल्याचा आवाज झाला आणि मी मान वर केली. मान अवघडली होती.

संध्याकाळी घरी गेले. दार उघडण्याआधी मी दोनदा खाकरले.

नवऱ्याने विचारलं, घसा धरलाय का? मी त्याच्यावर उगाचच ओरडले. रात्रभर उशीला उजवा गाल लावला नाही. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. माझ्यासाठी नव्हे, त्या पोरासाठी. मी एकदा टेकवला तर ही गत, तो रोज संध्याकाळी टेकवत होता.

सकाळी मी मावशीला फोन केला आणि या म्हटलं. डाग वरून घासून जाणार नव्हता. आतून ओढावा लागणार होता. त्याची रीत अशी की लाकडावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची. वाफ आत शिरते, दबलेलं लाकूड फुगतं, मुरलेलं तेल वर येतं. ते वर आलं की खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून तिचा जाड लेप द्यायचा. खडू तेल पिऊन घेतो. मग खरवडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम मी एकटीने करणार नव्हते.

ती दुपारीच आली. मुलगा बाहेर मोटारसायकलवर, तसाच. वीज गेलेली होती, म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री आणली. मी फडकं पिळून डागावर ठेवलं आणि इस्त्री टेकवली.

चर्र झालं. वाफ उठली.

आणि वाफेबरोबर वास आला. आधी तंबाखू, चुना लावून मळलेला. मग केळीच्या चिकाचा तो तुरट वास, जो कपड्यातून धुतला तरी जात नाही. मग आवळ्याच्या तेलाचा. आणि या सगळ्याखाली माणूस. दिवसभर उन्हात काम करून आलेला माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याच्याआधी जो वास घरात येतो, तो. लाकडाचा वास मला कळतो, तेलाचा कळतो, घामाचाही कळतो. पण हा दुकानाच्या मधोमध येऊन उभा राहिला होता.

मी मावशीकडे पाहिलं. तिने डोक्यावर पदर ओढून घेतला होता. पार कपाळाखाली, नव्या सुनेसारखा. ती भिंतीकडे सरकली, खाली बघत उभी राहिली, वाट मोकळी करून दिल्यासारखी. तिला ते कळलंही नसावं. चाळीसएक वर्षं ज्याच्यासाठी हात आपोआप पदराला जात होता, त्याच्यासाठी तो गेला होता.

इस्त्री तिथेच धरून मी उभी होते, फडकं करपायला लागलं होतं.

तेवढ्यात मुलगा दारात आला.

"माले कोनी बलायं?" त्याने विचारलं.

कुणीच बोलावलं नव्हतं. तो दोन पावलं आत आला, आणि त्याचा हात दस्त्याकडे जायला लागला. सावकाश, झोपेतल्या माणसाचा जावा तसा. मावशी मधे आली. पदर तसाच कपाळावर, पण ती दोघांच्या मधे उभी राहिली, लाकडाकडे पाठ करून, मुलाची छाती दोन्ही हातांनी मागे लोटत.

"थांबू नको," ती मला म्हणाली. "कर तुन्हं काम."

मी केलं. इस्त्री, वाफ, लेप. खडूचा पांढरा लेप बसायचा आणि बघता बघता पिवळा, मग तपकिरी व्हायचा. खरवडून डब्यात टाकायचा, नवा द्यायचा. मुलगा हळूहळू मागे सरला आणि उंबऱ्यावर बसला. बसला तसा त्याला घाम फुटला. आमच्याकडे मे महिन्यात कोणाला घाम येत नाही असं नाही, पण तो ताप उतरल्याचा घाम होता. त्याने पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला, आणि भिंतीला टेकून झोपून गेला. तोंड उघडं टाकून, गाढ. मावशी त्याच्याजवळ बसून पदराने वारा घालत राहिली.

पुढचे काही दिवस लेपच चालला. रोज थोडं निघायचं, रोज वास फिका व्हायचा. मग एका सकाळी लेप सुकून तसाच राहिला, पांढराशुभ्र, आणि खरवडला तर खाली नुसतं लाकूड होतं. त्या जागी रंग बाकीच्या लाकडापेक्षा उजळ झाला होता. मी त्यावर जवसाचं तेल दिलं, पातळ, आणि दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिला. कोरडं. धरलं होतं. कडेने बघायची वेळ आली तेव्हा मी गाल लावला नाही. दस्ता टेबलावर ठेवला आणि मीच खाली वाकले. बरं दिसत होतं. आता तो कुणाचाच दस्ता नव्हता.

मुलगा न्यायला आला तेव्हा त्याने लाकूड उलटसुलट करून पाहिलं आणि आवाज चढवला. "ताई, हाई इतलं साधं कसं? थोडी शायनिंग ते देवानी!" पातळ, किंचित चिरका, पोरसवदा आवाज. मी त्याला चमकेवरून नेहमीचं भाषण दिलं आणि देताना मला इतका आनंद झाला की शेवटी मी हसायलाच लागले. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मावशी मागे उभी होती. तिने मुलाला गाडी सावलीला लाव म्हणून बाहेर पाठवलं.

"जे निंघनं, ते कोठे ठेयं?" तिने विचारलं.

मी डबा दाखवला. खरवडलेला खडू मी फेकला नव्हता. मेलेल्या माणसाच्या हातातलं लाकूड असेल तर त्यातून निघालेलं उकिरड्यावर टाकायचं नाही, तापीत सोडायचं, असं वडील सांगायचे आणि करायचेही. मी म्हटलं, उद्या प्रकाशा गावच्या घाटावर जाऊन सोडून येते, तुम्ही त्रास घेऊ नका.

तिने डबा उचलून छातीशी धरला.

"मी येस," ती म्हणाली. "तवय त्यास्ले पोचाडाले माले कोनी नेलं नही. दारमाइनच माघारी फिरायं. बाईमानूस नही जात म्हने. राख बी मानसंच लई गयात प्रकाशाले. मी घर झाडत बठनू."

इतके दिवस मी डाग काढत होते, पोराला सोडवत होते, ती पण तेच करत होती. आणि हे तिच्या पोटात होतं, की त्याला निरोप द्यायला तिला कुणी नेलंच नव्हतं.

दुकानाला कुलूप लावलं आणि रिक्षा करून आम्ही दोघी निघालो. मुलगा मोटारसायकलवर मागे. प्रकाशाला घाटावर ऊन फटफटीत पडलेलं, पायऱ्या चटके देत होत्या, माणूस नव्हतं. बंधाऱ्यामुळे पाणी अडलेलं, संथ, हिरवट. मुलाला तिने वरच थांबवलं. आम्ही खाली गेलो. तिने डबा उघडला, तपकिरी खडू मुठीने घेतला आणि हात पाण्यात बुडवून मूठ सैल केली. मग पुन्हा. पुन्हा. घाई नाही. पोराला न्हाऊ घालावं तशी. डबा रिकामा झाला तेव्हा तो तिने विसळला आणि विसळलेलं पाणीही नदीत ओतलं.

"पोऱ्याले तुमनं भ्याव वाटस," ती पाण्याला म्हणाली, नवऱ्याशी जेवायला वाढताना बोलावं तशी. "माले कधी वाटनं नही. आते जा तुम्ही."

आम्ही चढायला लागलो. चार पायऱ्या झाल्या आणि ती थांबली, मागे वळली. माझा हात झटकन तिच्या खांद्यावर गेला. पोचवून येताना मागे बघायचं नसतं, बघितलं की ते मागे येतं, हे मला माझ्या आजीने शिकवलंय आणि मी कितीही 'बाप दाखव'वाली असले तरी हे पाळते.

"मावशी, मागे बघू नका."

"ज्या पोचाडाले जातस त्या नही देखतस," ती म्हणाली. "माले कोठे पोचाडू दिधं? माले देखू दे."

तिने माझा हात बाजूला केला आणि पाहत राहिली. मी पाहिलं नाही. मी तिचा चेहरा पाहिला. ती नुसत्या पाण्याकडे बघत नव्हती. तिची नजर एका ठिकाणी स्थिर होती, आणि ते ठिकाण हळूहळू जवळ येत होतं. पाण्यावरून पायरीवर. पायरीवरून पुढच्या पायरीवर. वारा अजिबात नव्हता आणि तंबाखूचा वास आला. तिच्या ओठावर हसू फुटत होतं, अनेक वर्षांनी सासरी भाऊ न्यायला यावा तसं, आणि मला कळलं की ती आता वर येणार नाही. माझे पाय पायरीला चिकटले होते.

"माय!" वरून मुलगा ओरडला. त्याच पातळ, चिरक्या आवाजात, लहान पोरासारखा वैतागून. "चाल ना वं! ऊन लागी तुले! माले भूक लागनी!"

तिची नजर हलली. डोळे भरून आले. तिने कपाळावर आलेला पदर मागे सारला, खालच्या पायरीकडे बघून एकदा मान हलवली, नाही म्हणून, आणि नवऱ्याला म्हणाली, "पोऱ्यानं जेवान ऱ्हायनं शे."

मग वळली आणि माझ्यापुढे भराभरा चढून गेली.